बाहेरून बनवून घेतलेली मॉडेलं एमएलफ्लोमध्ये: एक अख्खा कांदा सीझन वापरल्यानंतर

आमचं ऑफिस नाशिकला, माल लासलगाव-पिंपळगावचा. आवक किती येईल, भाव कुठवर जाईल, चाळीत घट किती धरायची, याची मॉडेलं आम्ही बाहेरून बनवून घेतो. कुणी आर या प्रोग्रामिंग भाषेत देतं कुणी पायथनमध्ये, आणि आधी सगळा कारभार ईमेलवर, 'फायनल', 'फायनल नवीन', नेमकं चालू कुठलंय ते एकाच माणसाला माहीत आणि तो रजेवर.

म्हणून एमएलफ्लो घेतलं, म्हणजे मॉडेलं, त्यांची व्हर्जनं आणि नोंदी एका जागी ठेवायचं सॉफ्टवेअर. डेटाब्रिक्सने 2018 मध्ये ओपन सोर्स केलेलं, फुकट आहे, सर्व्हर आपल्याच मशीनवर चालतो. पिकल फाइल (पायथनचं मॉडेल जसंच्या तसं साठवलेली फाइल) लोड केली, लॉग मॉडेल म्हणजे एमएलफ्लोमध्ये साठवलं, नाव देऊन रजिस्टर केलं, झालं. खरं काम नंतर निघतं, कारण समोरच्याने दिलेली फाइल म्हणजे फक्त मॉडेल, त्याच्या आधी डेटावर काय काय केलं ते त्याच्या लॅपटॉपवरच राहिलेलं असतं.

आमचा सगळ्यात जास्त वेळ खाल्ला सिग्नेचरने. म्हणजे कुठला कॉलम कुठल्या टाइपचा, हे मॉडेलसोबत नोंदवलेलं असतं. आवक क्विंटलमध्ये, पूर्ण आकडा, म्हणून इंटिजर लागलं. आता लिलाव बंद असले की आवक रिकामी, आणि पांडासमध्ये (पायथनची टेबलं हाताळायची लायब्ररी) साध्या इंटिजर कॉलममध्ये एक जरी रिकामी जागा आली की अख्खा कॉलम फ्लोट, म्हणजे दशांशाचा, होतो, मग एमएलफ्लो म्हणतं हे मी इंटिजर करून घेणार नाही, आणि एरर. ऐन सकाळी, खरेदीवाले फोनवर. माझ्या मते ते अडवतं तेच बरोबर आहे, गुपचूप शून्य धरलं असतं तर भावाचा अंदाज कुठल्या कुठे गेला असता. उपाय सोपा, असे कॉलम सिग्नेचरमध्ये पहिल्यापासून डबल (दशांशाचाच टाइप) ठेवा.

आरची मॉडेलं पण घेता येतात, आरच्या कॅरियर पॅकेजमधल्या क्रेटमध्ये अंदाज काढणारं प्रेडिक्टचं फंक्शन गुंडाळून द्यायचं. पण आमच्या एका मॉडेलला ट्रेनिंगमध्ये फक्त लाल आणि उन्हाळ दाखवलेला, जानेवारीत कुणीतरी शीटमध्ये 'रांगडा' लिहिलं आणि आरने सरळ सांगितलं, फॅक्टरमध्ये (ठरलेल्या प्रकारांच्या कॉलममध्ये) नवीन लेव्हल, म्हणजे न पाहिलेला प्रकार, आहे. यात एमएलफ्लोचा काय दोष, ज्याने मॉडेल दिलं त्याला रांगडा माहीतच नव्हता!

पिकलबद्दल एक सांगतो, ती उघडताना आतला कोड चालू शकतो, त्यामुळे अनोळखी माणसाची फाइल वेगळ्या मशीनवरच उघडा. सायकिट-लर्नचं (पायथनमध्ये मॉडेल बनवायची लायब्ररी) व्हर्जन पण मॉडेल बनवताना होतं तेच पाहिजे, वेगळं असलं तर ते निदान वॉर्निंग देतं.

आम्ही आता पैसे देण्याआधी तीन गोष्टी मागतो: रिक्वायरमेंट्स फाइल (कुठल्या लायब्ररी, कुठलं व्हर्जन याची यादी), कच्च्या डेटाच्या काही ओळी आणि त्यांची त्यांच्याकडे आलेली उत्तरं. इम्पोर्ट केल्यावर तीच उत्तरं इथे आली तरच त्या व्हर्जनला चॅम्पियन हा एलियास, म्हणजे 'सध्या हे चालू' असं लेबल, लावतो. (जुन्या व्हिडिओत यासाठी स्टेजिंग-प्रॉडक्शन अशा पायऱ्या दाखवतात, त्याच्या मागे लागू नका, एमएलफ्लो 2.9 पासून ते डेप्रिकेटेड, म्हणजे मोडीत काढलेलं, आहे.) एलियासचा फायदा मोठा, भाव चुकायला लागले की मागच्या व्हर्जनवर फिरवायचा, खरेदीवाल्यांच्या शीटला हात लावावा लागत नाही.

राहिलं घटीचं जुनं मॉडेल, ते पीएमएमएलमध्ये (मॉडेल लिहून ठेवायचा एक एक्सएमएल फॉरमॅट) आहे. एमएलफ्लोमध्ये त्याची तयार सोय नाही, पायफंकमध्ये (कुठलंही मॉडेल पायथन फंक्शन म्हणून चालवायची एमएलफ्लोची सोय) स्वतः रॅपर, म्हणजे वरचं वेष्टण, लिहायला लागतो, तोवर ते आपलं जावामधल्या जुन्या प्रोग्रामवरच चालू आहे.