निगेटिव्ह की प्रिंट: आधी काय स्कॅन करावं?

घोडबंदरच्या मैत्रिणीकडे सासऱ्यांनी मानववंशशास्त्र संग्रहालयातल्या प्रदर्शनांचे काढलेले फोटो आहेत. निगेटिव्हही आहेत नि प्रिंटही, पण पैसे एकाच्याच स्कॅनिंगपुरते.

तपशील निगेटिव्हमध्ये जास्त. पण फ्रेम जेमतेम २४ × ३६ मिलिमीटरची, ३००० डीपीआय (दर इंचाला इतके ठिपके) तरी लागतात. प्रिंटला साधा फ्लॅटबेड (सपाट काचेचा) स्कॅनर, ६०० डीपीआय पुरे, खर्चही कमी.

टिकण्याचं म्हणाल तर ठाण्याची दमट हवा दोन्हींची वैरी. पण निगेटिव्हचा डबा उघडला नि व्हिनेगरचा भपकारा आला! ॲसिटेट, म्हणजे फिल्मचं प्लास्टिक, कुजतंय; ते आकसतं, पूर्ववत होत नाही.

प्रिंटची खरी किंमत मात्र पाठीवर: ‘मुखवटे, डावीकडून तिसरा’. मांडणी त्यातूनच कळते, तेव्हा पाठही स्कॅन करायची.

वास येत असेल किंवा मोठं छापायचं असेल, तर आधी निगेटिव्ह. फक्त मांडणी अभ्यासायची असेल तर प्रिंट. मैत्रिणीला मी निगेटिव्हच सांगितलं.