हर्णै ते रत्नागिरी सायकलने: व्यवस्था चोख, वेळापत्रक कच्चे

आमच्या मित्रमंडळींचा मूळ बेत नाशिकच्या द्राक्षबागांतून सायकलने हिंडण्याचा होता. परंतु तिकडचा द्राक्षांचा हंगाम मार्चअखेर आटोपतो आणि एप्रिलात खरड छाटणी झाली की वेली बोडक्या होतात. उन्हाळ्यात फळांच्या मुलखातून जायचे तर कोकण बरे, असे ठरवून आम्ही पुण्याच्या एका आयोजकांची हर्णै ते रत्नागिरी ही किनारी सहल निवडली. सायकली, मुक्काम, जेवण, सामानाची गाडी आणि सोबत एक मेकॅनिक हे सारे त्यांच्याकडेच होते.

सायकलींबद्दल तक्रारीला जागा नाही. हायब्रिड बनावटीच्या, डिस्क ब्रेकच्या आणि चढाला उपयोगी पडतील अशा हलक्या गिअरच्या सायकली त्यांनी दिल्या. खाऱ्या हवेत साखळी फार लवकर गंजते, हे ओळखून मेकॅनिक रोज संध्याकाळी साखळ्या पुसून तेल देत असे. दक्षिणेकडे जाण्याची दिशाही विचारपूर्वक ठरवलेली होती, कारण या दिवसांत दुपारनंतर समुद्रावरून वायव्येचा वारा सुटतो आणि तो बहुधा पाठीशी किंवा बाजूला राहतो.

खरी अडचण वेळापत्रकाची होती. त्यांच्या कागदावर रोजचे किलोमीटर होते, चढ मात्र कुठेच नव्हते. किनाऱ्याचा रस्ता म्हणजे सपाट रस्ता, हा गैरसमज घाटावरच्या माणसाला शोभेल, आयोजकाला नाही. कोकणात खाडी आली की रस्ता पाण्यापर्यंत उतरतो आणि पलीकडे पुन्हा सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, चढतो. दाभोळहून वाशिष्ठीची खाडी फेरीबोटीने ओलांडायला काही मिनिटेच लागतात, पण धोपाव्याच्या धक्क्यावरून गुहागरच्या वाटेला लागले की चढ सुरू होतो. तवसाळहून शास्त्रीची खाडी ओलांडून जयगडला उतरल्यावरही तेच. आम्ही न्याहारी आटोपून निवांत निघालो, तेव्हा हे दोन्ही चढ नेमके भर उन्हात वाट्याला आले. पारा फार चढलेला नसला तरी आर्द्रतेमुळे घाम वाळत नाही आणि कातळाच्या सड्यावर सावलीला झाड सापडत नाही. उजाडण्यापूर्वी निघून पहिली किंवा दुसरी फेरी गाठली असती, तर त्याच रस्त्याचा आनंद घेता आला असता. आम्ही तसे सुचवले, तेव्हा न्याहारीची वेळ हॉटेलवाल्यांच्या हाती आहे, असे उत्तर मिळाले. रात्री घावणे बांधून घेणे किंवा वाटेत पोहे खाणे इतके अवघड नव्हते.

फळांच्या बाबतीत मात्र सहल अपेक्षेपेक्षा सरस ठरली. बुरोंडी ते कोळथरे या पट्ट्यात आंब्याची उतरणी चालू होती, आणि एका बागेत थांबून झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या लांब काठीने, फळ कसे काढतात ते पाहण्याची सोय आयोजकांनी आधीच करून ठेवली होती. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने विकसित केलेल्या नूतन झेल्याला पाते असते, त्यामुळे फळ देठासकट कापले जाऊन जाळीत पडते. देठ राहिला नाही तर चीक ओघळून सालीवर डाग पडतात आणि फळ टिकत नाही, हे बागायतदारांनी समजावून सांगितले. वाटेत काजूची बोंडे आणि करवंदे भरपूर मिळाली. कोकमाचे सरबत मीठ घालून प्यायल्याने जी तरतरी येते, ती मागच्या गाडीतल्या रंगीत पेयांनी आली नाही.

मुक्काम घरगुती निवासांत होते. खोल्या साध्या, स्वच्छ, आणि जेवण तर उत्तम. विशेषतः गुहागरची फणसाची भाजी. मालगुंडला केशवसुतांच्या स्मारकापाशी मात्र इतका थोडा वेळ ठेवला होता की तिथे थांबलो नसतो तरी चालले असते. आरे-वारेचा रस्ता दिवस कलताना मिळाला, तो निव्वळ योगायोगाने.

चढाचा सराव असलेल्यांना ही सहल सुचवायला हरकत नाही. नवख्यांनी पैसे भरण्यापूर्वी रोजची एकूण चढाई मीटरमध्ये लिहून मागावी, पहाटे निघण्याची अट घालावी, आणि सड्यावरचे चढ सामानाच्या गाडीतून पार करता येतील का, हे आधीच विचारून घ्यावे. आम्हांला ती मुभा मागितल्यावर लगेच मिळाली, पण ती आहे हे आपणहून कोणी सांगितले नव्हते.