क्रिस्टा की एक्सयूव्ही ७००? निफाडच्या मामेभावासाठी

मामेभावाची निफाडला द्राक्षबाग आहे. रोजचं जाणं-येणं पिंपळगावपर्यंत, महिन्यातून दोनदा मुंबई, सोबत बहुतेक वेळा मामा-मामी. त्याच्यासमोर दोन वापरलेल्या डिझेल गाड्या आहेत: इनोव्हा क्रिस्टा आणि महिंद्राची एक्सयूव्ही ७००. परवा फोनवर म्हणाला, "दादा, ती महिंद्रा म्हणे स्वतःच चालते. खरंय का?"

खरं नाही, आणि व्यवहाराची सुरुवात इथूनच व्हावी. ७०० च्या वरच्या मॉडेलांत जी अडास, म्हणजे चालकाला मदत करणारी यंत्रणा, आहे ती लेव्हल २ ची. गाडी पुढच्या वाहनापासून अंतर राखते, पट्ट्यांच्या आत राहायला मदत करते, वेळ आली तर ब्रेक लावते. जबाबदारी मात्र शेवटपर्यंत चालवणाऱ्याची. इलॉन मस्क यांनी २०१६ मध्ये सांगितलं होतं की २०१७ संपायच्या आत टेस्ला लॉस एंजेलिसहून न्यूयॉर्कला आपली आपण जाईल. ते वर्ष गेलं, आणि २०२४ मध्ये त्यांच्याच कंपनीने त्या सोयीच्या नावापुढे 'देखरेखीखाली' अशा अर्थाचा शब्द जोडला. तिथल्या आखीव रस्त्यांवर ही गत, तर आपल्याकडे कॅमेऱ्याने बघायचं काय? पट्टी दिसली तरच तो लेन ओळखणार. समृद्धीवर, इगतपुरीच्या पुढे, पट्ट्या स्वच्छ आहेत आणि तिथे या सोयीने पाय-खांदे खरोखर हलके होतात. विंचूर रस्त्यावर कांद्याची ट्रॉली दिव्याविना उभी असते, तिथे या सोयीवर विसंबू नये. अशा बऱ्याच यंत्रणा वेगात असताना उभ्या वाहनाला उशिरा ओळखतात किंवा ओळखतच नाहीत. गर्दीत मात्र पुढचा रिक्षावाला अचानक थांबला आणि आपलं लक्ष अर्धा सेकंद हललं, तर हाच ब्रेक वाचवतो. या एका गोष्टीसाठी मी जास्तीचे पैसे मोजेन, बाकीच्यांसाठी नाही.

ही यंत्रणा जिथे बसते ती जागा बघून घ्यावी. कॅमेरा पुढच्या काचेला, आरशामागे. माझ्या एका मित्राच्या अशाच (वेगळ्या कंपनीच्या) गाडीच्या काचेला हायवेवर खडा लागला. काच बाहेर स्वस्तात बदलली, पण कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्याची नजर पुन्हा नेमकी जुळवणं, कुणी केलंच नाही. पुढे महिनाभर गाडी मोकळ्या रस्त्यात ब्रेक मारायची आणि त्याची बायको घाबरून डॅशबोर्ड धरायची. याच यंत्रणेचं रडार बंपरमध्ये असतं, त्यावर लोखंडी गार्ड लावायचा मोह आवरावा लागतो.

क्रिस्टात यातलं काहीच नाही, म्हणून बिघडायलाही नाही. २.४ लिटर इंजिन, शिडीसारखी चॅसी, मागच्या चाकांना ताकद. टॅक्सीवाले ती वर्षानुवर्षं पळवतात, याहून मोठी पावती कुठली? तिसऱ्या रांगेत मोठी माणसं नीट बसतात, ७०० मध्ये गुडघे वर येतात. पण मामींना क्रिस्टात चढताना हात द्यावा लागेल, आणि सात एअरबॅग फक्त झेडएक्स या वरच्या मॉडेलला आहेत. ७०० ला २०२१ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत पाच तारे मिळाले, तीही बाजू जमेला धरायची.

दिसण्याचं बोलायचं तर ७०० देखणी आहे, दोन सलग १०.२५ इंची स्क्रीन पाहून कुणीही हरखेल. पण गाडी कुठलीही असो, वायपर किंवा काचेवरचं धुकं घालवायला हाताला बटण सापडलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. युरो एनकॅपनेही २०२६ पासून हॉर्न, वायपर, इंडिकेटर यांच्या बटणांना गुण द्यायला घेतलंय. कसारा घाटात धुक्यात स्क्रीनमध्ये डोकं घालणं मला परवडत नाही.

दोन्ही बीएस ६ डिझेल, दोन्हींत डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारी गाळणी, जी गाडी लांब पळाली तरच नीट साफ होते. नाशकात नुसतं कॉलेज रोड-गंगापूर रोड फिरणाऱ्याने दोन्हींपासून लांब राहावं. मामेभावाचं तसं नाही, रनिंग भरपूर आहे.

त्याला मी क्रिस्टा झेडएक्स सांगितली. दहा वर्षं ठेवायची आहे आणि बागेचा रस्ता कच्चा आहे. मुंबई-नागपूर आठवड्याला असती तर ७०० च म्हणालो असतो. तरी मन तिच्याकडेच ओढत असेल, तर काच बदललेली आहे का ते आधी विचार, आणि बदलली असेल तर कॅलिब्रेशनची पावती हातात घेतल्याशिवाय टोकन देऊ नकोस.