कोपर आत: अकरा महिने विंग चुन शिकल्यानंतर

पहिले सहा आठवडे मला विंग चुन या चिनी युद्धकलेच्या क्लासमध्ये एकच शब्द नीट कळायचा: 'माय जांग'. कँटनीजमध्ये याचा अर्थ कोपर आत घे. हात कुठेही चालला असो, मूठ, तळवा की मनगट, मागून आवाज यायचा, माय जांग. मला वाटायचं, ही नवख्यांना लावायची शिस्त असावी. या एका शब्दात विंग चुनचा निम्मा अर्थ आहे हे कळायला पाच महिने लागले.

मी नोकरीमुळे हाँगकाँगला राहते. वय ४३, उंची पाच फूट एक इंच. शाळेत नाशिकला दोन वर्षं कराटे केलं होतं. मोंग कॉकमधल्या एका जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत आमचा क्लास भरतो. आठवड्यातून दोन संध्याकाळी, दीड-दीड तास. वेगळा गणवेश लागत नाही. टी-शर्ट, सैल पँट आणि पातळ तळव्याचे बूट पुरतात. शिक्षकांना सिफू म्हणायचं, आपल्या आधी आलेल्या पुरुषाला सिहिंग, बाईला सिजे. मला बहुतेक वेळा एका सिजेंबरोबर सराव मिळतो. त्या साठी ओलांडलेल्या आहेत आणि माझ्यापेक्षाही बारीक आहेत. या लेखातलं जे काही मला खरोखर समजलंय, ते बरंचसं त्यांच्या हातांमधून.

सुरुवात 'सिउ निम ताउ' या पहिल्या आकृतिबंधाने, म्हणजे ठरलेल्या हालचालींच्या मालिकेने होते. नावाचा अर्थ साधारण 'छोटीशी कल्पना'. एका जागी उभं राहायचं, चवडे आणि गुडघे किंचित आत वळवायचे, कंबर सरळ, आणि मग फक्त हात हलवायचे. पाऊल उचलायचं नाही. पहिल्या भागात तर हात इतका सावकाश पुढे जातो की बघणाऱ्याला काही चाललंय असं वाटतच नाही. तळवा वर करून हात पुढे सरकवायचा, तो 'तान साउ'. मनगट वाकवून मागे आणायचा, 'वू साउ'. मग आकड्यासारखं मनगट ठेवून परत पुढे, 'फुक साउ', तेही तीनदा. छातीपुढे पुन्हा पुन्हा हात येतो म्हणून या भागाला बुद्धाला तीन नमस्कार असंही म्हणतात.

हे करताना कोपर शरीराच्या मध्यरेषेकडे ठेवायचं आणि पोटापासून ते साधारण मूठभर लांब असावं. करून बघा. खांदा लगेच वर चढतो, दंड भरून येतो, हात आपोआप बाहेर फाकतो. मला तिसऱ्या आठवड्यात वाटलं होतं की माझ्या खांद्याची ठेवणच यासाठी नाही. तसं काही नव्हतं. मी खांद्याने हात ढकलत होते. खांदा सोडून देऊन कोपर पुढे जाऊ दिलं की तीच हालचाल होते, आणि दुखतही नाही.

याचं कारण सिजेंनी बोलून सांगितलं नाही. त्यांनी मला कोपर बाहेर ठेवून हात पुढे धरायला लावला आणि एका हाताने रेटलं. मी मागे गेले. मग माझं कोपर मध्ये आणलं आणि तितक्याच जोराने रेटलं. या वेळी तो जोर खांद्यात अडकला नाही. तो पाठीतून मांडीत आणि मांडीतून टाचेत उतरला, आणि मी जागची हलले नाही. त्या एका मिनिटात ती विचित्र उभं राहण्याची पद्धत, ते सावकाश हात, सगळं एकमेकांना जोडलं गेलं. मूठही म्हणूनच उभी असते, अंगठा वर. कोपर खाली आणि मध्ये ठेवून सरळ ठोसा मारायचा तर मूठ उभीच बसते, आणि सरळ रेषा सगळ्यात जवळची असते. कमी ताकदीच्या माणसाने ताकदवानापुढे उभं राहायचं असेल, तर त्याला हे दोनच आधार आहेत: जवळचा रस्ता आणि पायाखालची जमीन.

चौथ्या महिन्यात 'ची साउ' सुरू झालं, चिकटलेले हात. आधी एका हाताने, मग दोन्हींनी. समोरासमोर उभं राहून मनगटं एकमेकांना लावायची आणि हात गोल फिरवत राहायचे. बाहेरून बघणाऱ्याला हा नाच वाटतो. मला मात्र पहिल्याच दिवशी आजीचं जातं आठवलं. दोघी समोरासमोर बसून एकाच खुंट्याला हात लावायच्या, आणि मान वर न करता दुसरीचा हात कुठे थकला, कुठे तिने जोर काढून घेतला हे पहिलीला कळायचं. ची साउ अगदी तसंच आहे. समोरच्याने जोर वाढवला की हात गोल वळवून त्याला वाट द्यायची. त्याने जोर काढला की मोकळ्या झालेल्या जागेतून सरळ पुढे जायचं. विंग चुनमध्ये यासाठी एक वचन आहे, लोइ लाउ होइ सुंग, लात साउ जिक चुंग. येईल त्याला थांबवून घे, जाईल त्याला पोहोचवून ये, हात सुटला की सरळ आत शीर. इतक्या जवळून होणाऱ्या झटापटीत डोळ्याने बघून मग हात हलवायला वेळच नसतो. कातडीला आधी कळतं. सिजे कधी कधी डोळे मिटून माझ्याशी ची साउ करतात, आणि मी डोळे उघडे ठेवूनही मार खाते.

इथेच सगळ्यात मोठी अडचण आली. मला जिंकायचं होतं. सहाव्या महिन्यापर्यंत मी प्रत्येक ची साउमध्ये कुठून मारता येईल ते शोधत होते, त्यामुळे हात ताठ आणि समोरच्याचं काहीच कळत नाही. "फोंग सुंग," सिजे म्हणायच्या, सैल सोड. एकदा त्यांनी माझं मनगट हातात धरून म्हटलं, "तू माझ्या हाताला विचारतच नाहीस." त्यानंतर दोन आठवडे मी मुद्दाम एकही ठोसा मारला नाही, फक्त हात फिरवत राहिले. माझ्या शिकण्यातला खरा बदल तेव्हा झाला.

लाकडी पुतळ्याबद्दल सगळे विचारतात, म्हणून सांगते. याला 'मुक यान जोंग' म्हणतात: लाकडी खांब, तीन हात, एक पाय. या क्लासआधी मी महिनाभर दुसरीकडे शिकायला गेले होते, तिथे तिसऱ्याच दिवशी यावर हात मारायला लावलं. उत्साह वाटला, मनगटं काळीनिळी झाली, आणि शिकले काहीच नाही. पुतळा कोन तपासण्यासाठी असतो. कोपर चुकलेलं असेल तर तो ती चूक पक्की करतो. आपल्याकडे मल्लखांब बघितलेल्यांना यातलं एक साम्य लगेच जाणवेल, जोडीदाराच्या जागी लाकूड ठेवून शरीराला घडवणं. पूर्वी दक्षिण चीनमधल्या फोशान शहरात हा खांब जमिनीत पुरायचे. विंग चुनचे गुरू इप मॅन यांनी १९५० मध्ये हाँगकाँगच्या शाम शुई पो भागात, उपाहारगृह कामगारांच्या संघटनेच्या जागेत शिकवायला सुरुवात केली. इथल्या इमारतींत खांब पुरायला जमीन कुठली, म्हणून तो दोन आडव्या पट्ट्यांवर टांगायची रीत पडली. त्यामुळे तो मारल्यावर किंचित मागे जाऊन परत येतो, अगदी माणसासारखा. दाटीवाटीच्या शहराने विद्येला दिलेली ही देणगी मला फार आवडते.

भिक्खुणी एन्ग मुई आणि तिची शिष्या यिम विंग चुन यांची कथा तुम्हाला सगळीकडे भेटेल. बाईने रचलेली, बाईच्या नावाची विद्या. ती ऐकूनच मी आले होते. पण त्या दोघींचा भक्कम ऐतिहासिक पुरावा नाही. एकोणिसाव्या शतकातले फोशानचे वैद्य लेउंग जान, त्यांचे शिष्य चान वा शुन, आणि चान यांच्याकडे लहानपणी शिकलेले इप मॅन, इथपासून धागा हातात येतो. कथा खोटी असेल तरी सिजे खऱ्या आहेत, मला तेवढं पुरतं.

आता उणिवा. ऑफिसमधला एक सहकारी बॉक्सिंग करतो. नवव्या महिन्यात आम्ही ग्लोव्हज घालून हलकासा सराव केला. तो लांब राहिला, पुढून ठोसा टाकून मागे सरकला, पुन्हा टाकला. माझा हात त्याच्या हाताला लागलाच नाही, मग चिकटायचं कशाला? विंग चुनचं सगळं शहाणपण स्पर्शानंतर सुरू होतं, आणि स्पर्शापर्यंत पोहोचण्याचा सराव आमच्या क्लासमध्ये फार कमी होतो. हे मी सिफूंनाही सांगितलं. त्यांनी मान्य केलं आणि म्हणाले, त्यासाठी पावलं हवीत, ती पुढच्या आकृतिबंधात येतात. मला वाटतं, तेवढ्याने भागणार नाही, मोकळा सराव वेगळा करावाच लागेल. जमिनीवर पडल्यावरची झोंबाझोंबी तर इथे नाहीच. दम वाढवायचा असेल तर पळायला जावं लागतं.

गुडघ्यांची काळजी घ्या. दुसऱ्या महिन्यात माझा उजवा गुडघा आतून दुखायला लागला, कारण मी पाय गुडघ्यातून आत पिळत होते. वळण कमरेच्या सांध्यातून यायला हवं. ते दुरुस्त केल्यावर तीन आठवड्यांत दुखणं थांबलं. आणि सुरुवातीला व्हिडिओ बघू नका. वळताना भार टाचेवर की पावलाच्या मध्यावर, अशा गोष्टींतही प्रत्येक परंपरा वेगळी, नवख्याचा गोंधळच उडतो. क्लास निवडायचा असेल तर एक दिवस नुसतं बसून बघा, जुने विद्यार्थी नवख्यांबरोबर ची साउ करतात का. करत नसतील तर दुसरा क्लास शोधा.

मागच्या महिन्यात मला दुसरा आकृतिबंध मिळाला, 'चम किउ', म्हणजे पुलाचा शोध. दोघांचे हात जिथे जुळतात तो पूल. आता पाय हलतात, कंबर वळते, लाथ येते. आणि वळताना माझं डावं कोपर पुन्हा बाहेर जातं. परवा सिजेंनी काही न बोलता दोन बोटांनी ते आत ढकललं आणि हात पुढे केला, परत पहिल्यापासून.