गटसाधन केंद्राचे विशेष शिक्षक: ‘आगाऊ’ पोट्ट्यासाठी किती कामाचे?

सेवा: पंचायत समितीच्या गटसाधन केंद्रातून (तालुक्यातल्या शाळांना मदत करणारं कार्यालय) जिल्हा परिषदेच्या शाळेत येणारे, वेगळी गरज असलेल्या मुलांसाठीचे विशेष शिक्षक. खर्च काहीच नाही. पाचपैकी तीन गुण. त्यातला एक खेड्यात दुसरी सोयच नाही म्हणून.

मारामारी करणारं, वर्गातून पळणारं किंवा दिवसभर तोंडच न उघडणारं लेकरू असलं की शाळा यांना बोलावते. भेट चांगली झाली की नाही हे वहीवरून कळतं. जाणता शिक्षक पहिल्याच दिवशी चार रकाने आखून देतो: वेळ, आधी काय घडलं, मुलानं काय केलं, त्यातून त्याला काय मिळालं. ही वही वर्गशिक्षकानं शाळेचे दहा दिवस भरायची. बहुतेकदा उत्तर चौथ्या रकान्यात सापडतं. रोज गणिताच्या तासालाच पाटी फेकणाऱ्या मुलाला गुरुजी बाहेर काढतात, म्हणजे त्याची गणितातून सुटका होते. शिक्षा वाटते तेच त्याचं बक्षीस असतं.

अशा वेळी दहाऐवजी तीन गणितं द्यायची, ती झाली की लगेच एक चिंचोका डबीत. सुरुवातीला तीन चिंचोक्यांवर घंटा वाजवायचा मान, जमू लागलं की पाचावर. मिळालेला चिंचोका परत काढून घ्यायचा नाही. काढून घेतला की तिथेच सगळं फिसकटतं. पाटी फेकली तरी बाहेर काढायचं नाही, तीच तीन गणितं शांतपणे पुन्हा समोर ठेवायची. पहिले काही दिवस त्रास वाढतो, कारण जुनी युक्ती चालेना म्हणून मूल ती जास्त जोरानं करून पाहतं. बऱ्याच शाळा नेमक्या इथेच हात टेकतात आणि विशेष शिक्षकाच्या नावानं बोटं मोडतात.

एक गुण कापला तो भेटीच्या पद्धतीवर. एका शिक्षकाकडे अनेक शाळा. तो सकाळी येतो, मूल तेव्हा शांत असतं. त्याला व्हरांड्यात बसवून चित्र रंगवून घ्यायचं, भेटवहीत सही करायची, पुढच्या गावाची एसटी धरायची. वर्गशिक्षकाच्या हाती काही लागत नाही. दोन शिक्षकांवर चार वर्ग चालणाऱ्या शाळेत वर्गाच्या बाई वर्ग सोडून व्हरांड्यात त्याच्याकडून शिकणार तरी कधी? म्हणून वहीतली अवघड वेळ आधी कळवा आणि त्याच तासाला वर्गात बसायला सांगा.

दुसरा गुण गेला तपासणीच्या आळसापायी. ‘ऐकत नाही’ म्हणतात त्या मुलाला खरंच कमी ऐकू येत असेल. ‘लक्ष नाही’ म्हणतात त्याला क्षणभर शून्यात नेणारी फिट येत असेल. विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही विसरून चालत नाही, अंग दुखणारं लेकरू चिडचिड करणारच. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं मुलांची तब्येत तपासणारं पथक शाळेत वर्षातून एकदा येतं. त्या दिवशी वही डॉक्टरांपुढे ठेवा आणि गरज असेल तर जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी मागा.

‘आधी दिव्यांग प्रमाणपत्र आणा’ असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या दिव्यांगत्वाच्या 21 प्रकारांत स्वमग्नता, अध्ययन अक्षमता आणि मानसिक आजार आहेत, नुसतं ‘वागणं’ नाही. 40 टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र सवलतींसाठी लागतं. गणितं कमी द्यायला आणि चिंचोके मोजायला कशाला? मारणं आणि मानसिक छळ शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नं बंद केलाय. आठवीपर्यंत नाव काढून टाकणं कलम 16 मध्ये बसत नाही, मुख्याध्यापक कितीही वैतागले तरी.

घरच्यांशी बोलणं हा या सेवेचा सगळ्यात कच्चा भाग. पालकसभा अकराला म्हणजे आईची दिवसाची मजुरी बुडाली. जाणते शिक्षक आठवडी बाजाराच्या दिवशी नाहीतर सांजेला भेटतात आणि आजीलाही बसवून घेतात, कारण मूल दिवसभर तिच्याच ताब्यात असतं. घरी एकच काम सांगतात: शाळेतून आल्यावर चिंचोके मोजून पाहायचे. रात्री घरात फारच ताण झाला तर लावायला टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा फुकटचा नंबर आईच्या मोबाईलमध्ये घालून देतात.

बोलवायचं असेल तर मुख्याध्यापकांनी गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी अर्ज करावा, सोबत वर्गशिक्षकानं वरच्याच चार रकान्यांत आधी भरून ठेवलेली दहा दिवसांची वही जोडावी. आपल्याकडे विदर्भात उन्हामुळे शाळा उशिरा उघडते, तरी अर्ज जुलैतच जाऊ द्या. कापूस फुटला की घरी कुणी भेटत नाही.