भाजी लपवावी की भाजावी?

भाज्यांना नाक मुरडणाऱ्या मोठ्या माणसांसाठी दोन वाटा आहेत: भाजी वाटून सॉस-सुपात मिसळायची, नाहीतर कडक आचेवर भाजायची.

चवीत भाजणं सरस. कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली जास्त उकडली की गंधकाचा वास सुटतो आणि अनेकांचा खरा राग त्या वासावरच असतो. २०० ते २२० अंशांच्या ओव्हनमध्ये तेलाचा हात लावलेले तुकडे सुटे सुटे मांडले, की पाणी उडतं, कडा तपकिरी होतात, गोडवा येतो. ट्रे गच्च भरला तर मात्र वाफ धरते आणि पुन्हा तोच गिचका!

वाटल्यावर पोत जातो, वास जात नाही. त्यामुळे गाजर, लाल भोपळा बेमालूम खपतात; कोबी लगेच पकडला जातो. (आणि खाणाऱ्याला सांगूनच मिसळा, तो काही लहान मूल नाही.)

मेहनतीत वाटण जिंकतं: एकदा करून फ्रीझरमध्ये ठेवता येतं. भाजलेली भाजी गार झाली की मऊ पडते.

पोषणात फार फरक नाही. फक्त वाटण गाळू नका, बहुतेक तंतू (फायबर) चोथ्यातच असतात.

लिबलिबीतपणा किंवा उकडलेला वास नकोसा असेल तर भाजा. तुकडा दाताखाली आलेलाच चालत नसेल, किंवा रोज स्वयंपाकाला वेळ नसेल, तर वाटा.