एसडब्ल्यूआय-प्रोलॉग : दाभोळ ते जयगड

जॉन अ‍ॅलन रॉबिन्सन यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या ‘रिझोल्यूशन’ या, दिलेल्या विधानांवरून निष्कर्ष यंत्राने सिद्ध करण्याच्या पद्धतीवर कॉर्डेल ग्रीन यांनी प्रश्नांना उत्तरे देणारा क्यूए३ हा प्रोग्राम उभा केला, आणि त्याच विचारातून १९७२ च्या सुमारास फ्रान्समधील मार्सेय येथे प्रोलॉग ही तर्कावर चालणारी संगणकभाषा घडली. तिची एसडब्ल्यूआय-प्रोलॉग ही विनामूल्य आवृत्ती मी गुहागरला घरच्या लॅपटॉपवर वापरतो.

दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड या फेरीबोटी व मधला धोपावे-तवसाळ रस्ता अशी तीन विधाने आणि टप्पे जोडणारे दोन नियम लिहून मी विचारले, की दाभोळहून जयगडला जाता येते का? तसे कुठेही थेट लिहिलेले नसताना ‘ट्रू’ असे उत्तर उमटले, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. उलट प्रवासाला मात्र ‘फॉल्स’ आले, कारण फेरीबोट परतही येते हे मी सांगितलेच नव्हते; येथे ‘नाही’ याचा अर्थ ‘दिलेल्या माहितीवरून सिद्ध होत नाही’ एवढाच असतो, आणि हे नवशिक्याने आधीच समजून घ्यावे. परतीचा नियम जोडताच शोध गोल फिरत राहतो. त्यावर ‘टेबलिंग’ची, म्हणजे एकदा मिळालेली उत्तरे लक्षात ठेवायला सांगणारी, एक ओळ पुरते. चुकांचे संदेश क्लिष्ट आहेत, तरी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना मी हे आग्रहाने सुचवेन.